नागपूरला स्पर्धा पुष्कळ झाल्या, आता हंगाम हवा

२०२३ सालच्या डिसेंबरात, नागपुरात थंडी ऐन भरात असताना, मी पहाटे उठून एका हरणाऱ्या संघाचे सामने पाहत असे. अमेरिकेच्या पूर्वेकडील शहरांत संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला दिसतो, त्यामुळे चहाला उकळी येण्याआधीच पहिला क्वार्टर सुरू झालेला असे. तो संघ डेट्रॉईट पिस्टन्सचा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून तो हरू लागला आणि सलग २८ सामने हरला. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये एकाच हंगामात इतके सलग पराभव त्याआधी कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. २८ डिसेंबरला बोस्टनमध्ये सामना जादा वेळेपर्यंत नेऊनही तो अठ्ठाविसाव्यांदा हरला, आणि दोन दिवसांनी घरच्या मैदानावर टोरांटो रॅप्टर्सला १२९-१२७ असे हरवून त्याने ही मालिका एकदाची थांबवली. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १४ विजय आणि ६८ पराभव होते. पुढच्या हंगामात प्रशिक्षक बदलला, व्यवस्थापन बदलले, पण केड कनिंगहॅमसह संघाचा तरुण गाभा तोच राहिला, आणि त्याच संघाने ४४ सामने जिंकून प्लेऑफमध्ये जागा मिळवली.

या हकिकतीतला शेवटचा विजय मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे वाटते की प्रत्येक पराभवानंतर दोन-तीन दिवसांत पुढचा सामना ठरलेला होता. प्रेक्षक चिडले होते, मालकाने संघ विकून टाकावा अशा घोषणा त्यांनी घरच्याच सभागृहात दिल्या, तरी ते येत राहिले. आणि विशीतल्या खेळाडूंना आदल्या रात्रीची चूक सुधारण्यासाठी पुन्हा मैदानात उतरावे लागले. नागपुरात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना नेमकी हीच गोष्ट मिळत नाही. त्यांना स्पर्धा मिळतात, चषक मिळतात, प्रमाणपत्रे मिळतात, हंगाम मात्र मिळत नाही. या शहरात बास्केटबॉल वाढावा असे ज्यांना वाटते, त्यांनी आणखी एक निमंत्रितांची स्पर्धा भरवण्याऐवजी एक लांब, संथ, घरच्या आणि परक्या मैदानांवर आळीपाळीने खेळला जाणारा हंगाम उभा करावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

हंगाम म्हणजे अनेक सामन्यांची बेरीज नव्हे. एनबीएत ३० संघ आहेत, प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो, त्यांतले ४१ घरी आणि ४१ बाहेर. १९६७-६८ पासून, संप-टाळेबंदी किंवा महासाथीचे अपवाद वगळता, हा आकडा टिकून आहे. इतके सामने कशासाठी, असा प्रश्न तिथेही विचारला जातो आणि त्यात तथ्य आहे, कारण खेळाडूंची शरीरे झिजतात. सामने चुकवणाऱ्या नामांकित खेळाडूंना आवर घालण्यासाठी २०२३-२४ पासून प्रमुख वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट घालावी लागली. पण लांब हंगामाचा एक गुण असा की तो नशिबाला हळूहळू बाजूला सारतो. २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने ७३ सामने जिंकून शिकागो बुल्सचा ७२ विजयांचा विक्रम मोडला, आणि तरीही तो संघ नऊदा हरला होता. सर्वांत चांगला संघही नऊदा हरतो आणि सर्वांत वाईट संघही चौदा वेळा जिंकतो, हे ज्या खेळाडूला लहान वयात कळते, त्याच्या मनातली पराभवाची दहशत कमी होते. (त्याच वॉरियर्सने अंतिम मालिकेत क्लीव्हलँडविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊन विजेतेपद गमावले, सात सामन्यांच्या मालिकेतही माणसाला चुका सुधारून परत येता येते, हे त्यातून दिसले.)

बास्केटबॉलचा स्वभावच मुळी वारंवार मिळणाऱ्या संधीचा आहे. १९५४ पूर्वी आघाडी घेतलेला संघ चेंडू हातात धरून वेळ काढत बसे, आणि प्रेक्षक कंटाळून जात. सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला. अठ्ठेचाळीस मिनिटांचे २,८८० सेकंद होतात, चांगल्या, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू टोपलीकडे फेकतात, भागाकार २४. म्हणून २४ सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम आला, आणि व्यावसायिक बास्केटबॉल त्या नियमाने तगला. जो खेळ चोवीस सेकंदांनी नवी संधी देतो, तो खेळ वर्षातून चार-पाच सामन्यांत कोंबायचा, हे त्याच्या प्रकृतीशीच विसंगत आहे.

आता नागपूरकडे पाहू. माझी भाची सतरा वर्षांखालील गटात खेळते. पावसाळा सरता सरता शालेय स्पर्धा सुरू होतात: आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. पहिल्या फेरीपासून बाद पद्धत. मागच्या वर्षी तिचा संघ सकाळी साडेनऊला उतरला, चार गुणांनी हरला आणि अकरा वाजता मुली दप्तरे घेऊन परत वर्गात बसल्या. उन्हाळ्यात शिबिर होते, जानेवारीत शहरात खासदार क्रीडा महोत्सवाची धामधूम असते, अधूनमधून एखाद्या क्लबाची स्पर्धा. मी डायरीत मोजले, तर वर्षभरात ती सात सामने खेळली होती, आणि सराव मात्र आठवड्यातून सहा दिवस, रोज दोन तास. शेतात वर्षभर नांगरट करायची आणि पेरणी एका दुपारी उरकायची, असा हा प्रकार आहे.

बाद पद्धतीचा खेळावर होणारा परिणाम बाहेरून सहज दिसत नाही. मैदानाच्या कडेला वर्षानुवर्षे उभे राहिले की दिसतो. एक सामना हरला की घरी जायचे आहे हे माहीत असलेला प्रशिक्षक आपले पाच सर्वोत्तम खेळाडू पूर्ण वेळ खेळवतो. बारा जणींचा संघ असतो, त्यांतल्या सहा-सात जणी पाण्याच्या बाटल्या भरण्यात आणि टाळ्या वाजवण्यात स्पर्धा घालवतात, आणि दोन वर्षांनी त्यांतल्या बहुतेक खेळ सोडतात; त्यांच्या पालकांना आपण दोष देतो, पण मुलीला मैदानच मिळत नसेल तर त्यांनी काय म्हणून पाठवावे? उंच मुलगा बारा वर्षांचा असतानाच टोपलीखाली उभा केला जातो, कारण आजचा सामना त्याच्या उंचीवर जिंकता येतो. त्याला चेंडू टप्पे देत पुढे आणायला, लांबून फेकायला कुणी शिकवत नाही, कारण शिकताना चुका होणार आणि चुकांसाठी आपल्याकडे दुसरा सामना नाही. शाळांचे संघ टोपलीभोवती जागा अडवून बसणारा झोन बचाव लावतात, कारण लहान वयात लांबून गुण करणारे थोडे असतात; त्याने सामने जिंकले जातात आणि माणसाला माणूस धरून बचाव करायची सवय मात्र लागतच नाही. यात प्रशिक्षकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. ज्या रचनेत उद्या नाही, तिथे कुणीही शहाणा माणूस आजचाच विचार करील.

या रचनेला आपण वरून आणखी एक बळ दिले आहे. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळल्याचे प्रमाणपत्र दहावी-बारावीच्या वाढीव गुणांसाठी चालते, आणि पुढे शासकीय नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठीही. ही सवलत मला मान्य आहे. मध्यमवर्गीय आणि गरीब घरांतली मुले तिच्यामुळे मैदानावर टिकतात, आणि ज्यांनी ती मिळवली त्यांनी घाम गाळून मिळवली. परंतु तिची एक किंमत आहे. प्रमाणपत्र स्पर्धेत मिळते, म्हणून सगळी व्यवस्था स्पर्धेभोवती फिरते. एकदा राज्य स्पर्धेचा कागद हाती आला की कित्येक गुणी मुले अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी थांबतात, ज्या वयात खरे तर बास्केटबॉलपटू घडायला सुरुवात होते.

नागपूरने गेल्या काही वर्षांत जे खेळाडू दिले, त्यांची नावे आठवून पाहावीत. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. ओजस देवतळे २०२३ मध्ये तिरंदाजीत जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके मिळवली. बॅडमिंटनमध्ये मालविका बनसोड आहे. हे सारे वैयक्तिक खेळ आहेत, आणि त्याचे कारण मला असे दिसते की वैयक्तिक खेळात खेळाडू स्वतः उठून हंगामापर्यंत जाऊ शकतो. बुद्धिबळाच्या स्पर्धा जगभर बाराही महिने चालू असतात, बॅडमिंटनचे आंतरराष्ट्रीय वेळापत्रक जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत भरलेले असते; पालकांनी कर्ज काढून का होईना, तिकीट काढले की मूल त्या प्रवाहात उतरते. बारा जणांच्या संघाला असे तिकीट काढता येत नाही. त्याच्याभोवती दुसरे संघ असावे लागतात, पंच असावे लागतात, ठरलेले शनिवार असावे लागतात. सांघिक खेळाचा हंगाम हा शहरानेच उभा करावा लागतो.

सांघिक खेळातले आपले एकच मोठे उदाहरण क्रिकेटचे आहे, आणि ते माझ्या म्हणण्याला बळ देते. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो आहे. पहिले विजेतेपद आले २०१७-१८ च्या हंगामात, इंदूरला दिल्लीला हरवून. मग लगेच २०१८-१९ मध्ये दुसरे, आणि २०२४-२५ मध्ये तिसरे. चंद्रकांत पंडित यांचे प्रशिक्षण, वसीम जाफरचा अनुभव, विदर्भ क्रिकेट संघटनेची अकादमी, जामठ्याचे मैदान, ही कारणे सगळे सांगतात आणि ती खरीही आहेत. पण त्याआधीची साठ वर्षे विदर्भ हरत होता आणि दर वर्षी पुन्हा खेळत होता, हे कारण कुणी मोजत नाही. खापरखेड्याच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, उमेश यादव, २००८ मध्ये विदर्भाच्या संघात आला तेव्हा तो संघ अस्तित्वात होता, त्याचे सामने ठरलेले होते, म्हणून त्याला येता आले. विजेतेपद नसलेल्या पन्नास हंगामांनी ही जागा राखून ठेवली होती.

देशात व्यावसायिक बास्केटबॉलचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१५ मध्ये यूबीए ही लीग सुरू झाली, तिच्यात पुणे पेशवाज नावाचा संघही होता. २०१७ नंतर ती थांबली. २०२२ मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या पुढाकाराने आयएनबीएल ही लीग आली, चेन्नई, दिल्ली, कोची, मुंबई, बेंगळुरू आणि चंडीगड या नावांचे सहा संघ घेऊन. हे प्रयत्न करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे, कारण त्यांनी खेळाडूंना काही आठवडे तरी चांगले मानधन, चांगला चेंडू आणि लाकडी मैदान दिले. तरीही तक्रार करावीशी वाटते ती अशी, की या लीगमध्ये शहर फक्त जर्सीवर होते. सगळे संघ एका गावी एकत्र जमत, काही दिवसांत एक फेरी उरकत आणि पुढे जात. मुंबईच्या संघाला मुंबईत दर पंधरवड्याला पाहता आले नाही, तर मुंबईकराने त्याला आपला का म्हणावे? प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामांत निदान प्रत्येक शहराला आपला आठवडा मिळत असे. पुढे महासाथीच्या काळात सगळा खेळ एका ठिकाणी आला, आणि नंतरही कधी तीन, कधी चार शहरांतच सामने ठेवण्याचा मोह आयोजकांना आवरलेला नाही. खर्च वाचतो, चित्रीकरण सोपे होते. घरचे मैदान मात्र जाते, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकाचे नातेही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या सभागृहात सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, भारतातले एनबीएचे पहिले सामने. मीही नागपुरातल्या कित्येकांप्रमाणे ते डोळे भरून पाहिले. पहिला सामना पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला, हे अजून आठवते. पण ते सामने हंगामपूर्व सरावाचे होते, गुणतक्त्यात त्यांची नोंद नव्हती. त्यांतल्या किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, म्हणून आपल्याला त्या संघाविषयी अधिक जिव्हाळा. तो संघ २०१३ मध्ये सॅक्रामेंटो सोडून सिॲटलला जाण्याच्या बेतात होता. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकत घेतला, शहराने नव्या सभागृहासाठी सार्वजनिक पैसा मोठ्या प्रमाणात घातला आणि संघ राहिला. त्यानंतरही तो हरतच राहिला. प्लेऑफमध्ये जागा न मिळालेले सलग सोळा हंगाम त्याच्या नावावर जमले, आणि २०२२-२३ मध्ये तो दुष्काळ संपला तेव्हा प्रत्येक विजयानंतर सभागृहाच्या छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडला जाई आणि गावभर लोक तो पाहत. सोळा वर्षे हरणारा संघ ज्या गावाने सोडला नाही, त्या गावाला तो प्रकाश पाहण्याचा हक्क होता. सार्वजनिक पैशातून मालकांसाठी सभागृह बांधण्याची त्यांची वाट मात्र आपण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे; त्याकडे मी पुढे वळतो.

आपल्याला शिकण्याजोगे उदाहरण अमेरिकेपेक्षा जपानचे अधिक आहे. तिथे दोन लीग एकमेकींच्या विरोधात चालल्या होत्या आणि महासंघाला त्यांचा मेळ घालता येत नव्हता, म्हणून २०१४ च्या नोव्हेंबरात जागतिक महासंघ फिबाने जपानला निलंबित केले. फुटबॉलची जे-लीग उभी करणारे साबुरो कावाबुची यांच्याकडे काम सोपवले गेले, दोन्ही लीग एकत्र आणल्या गेल्या आणि २०१६ मध्ये बी.लीग सुरू झाली. वरच्या विभागातला संघ नियमित हंगामात ६० सामने खेळतो, त्यांतले निम्मे आपल्या गावी. संघांची नावे कंपन्यांऐवजी गावांशी जोडली गेली, आणि वरच्या विभागात यायचे तर पाच हजार प्रेक्षकांचे सभागृह दाखवा, अशी अट आली. पहिले विजेतेपद टोकियोच्या कुठल्या बड्या संघाने जिंकले नाही, तर तोचिगी प्रांतातल्या उत्सुनोमिया या सुमारे पाच लाख वस्तीच्या गावाच्या संघाने. २०२२-२३ चे विजेतेपद दूर ओकिनावा बेटावरच्या र्‍युक्यू गोल्डन किंग्जने मिळवले. लिथुआनियातले काउनास तर जेमतेम तीन लाखांचे शहर, आणि त्याच्या झाल्गिरिस संघाने १९९९ मध्ये युरोलीग जिंकली. नागपूर महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेत २४ लाखांहून अधिक माणसे होती.

मग करायचे काय? माझ्या मनात जो आराखडा आहे तो लहान आहे आणि मुद्दाम लहान ठेवला आहे. नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर, छत्रपती संभाजीनगर, रायपूर, भिलाई, जबलपूर, अशी आठ शहरे घ्यावीत. नागपूरपासून सगळी साधारण पाचशे किलोमीटरच्या आत आहेत आणि सगळीकडे रेल्वेने किंवा बसने एका रात्रीत पोहोचता येते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा घरी आणि एकदा त्याच्या गावी, म्हणजे संघाला चौदा सामने, त्यांतले सात घरी. सगळे मिळून छप्पन्न. ऑक्टोबरमध्ये सुरुवात, फेब्रुवारीत शेवट, कारण पावसाळ्यात उघडी मैदाने निरुपयोगी होतात आणि एप्रिल-मेच्या नागपुरात दुपारी पत्र्याच्या छताखाली खेळणे हा छळ आहे. सामना शनिवारी संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. मुख्य सामन्याआधी दोन्ही गावांच्या सतरा वर्षांखालील संघांचा सामना, म्हणजे माझ्या भाचीसारख्या मुलींना वर्षाला चौदा सामने हक्काने मिळतील आणि हरल्यानंतरही पुढचा शनिवार उरेल. पंच आणि प्रशिक्षकांसाठी दूर जायला नको. १९१४ पासून शारीरिक शिक्षणाचे काम करणारे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्या शेजारी आहे. तीन राज्यांच्या संघटनांना एका टेबलाशी बसवणे हेच यातले खरे अवघड काम, आणि ते महासंघाच्या मान्यतेशिवाय करू नये, कारण मान्यतेवाचून चालणाऱ्या लीगमध्ये अडकलेल्या खेळाडूचेच शेवटी नुकसान होते.

पैशाचा प्रश्न मी टाळणार नाही. एनबीएचा २०२५-२६ पासूनचा प्रक्षेपणाचा करार अकरा वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे; तिकडे पाहून आपण लिलाव, चिअरगर्ल आणि मोठी बोली यांचे स्वप्न पाहू लागलो, तर पहिल्याच वर्षी कंबरडे मोडेल. एकाच बड्या कंपनीवर किंवा एकाच करारावर भिस्त ठेवणेही धोक्याचे. भारतीय फुटबॉलच्या आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम करार संपल्याने कसा लटकून पडला, हे सर्वांनी पाहिले आहे. मुलांचे आठ संघ आणि मुलींचे आठ, प्रत्येकी बारा खेळाडू, म्हणजे १९२ माणसे. त्यांचा प्रवास, जेवण, सामन्यागणिक मानधन, विमा, पंच आणि फिजिओथेरपिस्ट, एवढाच खर्च पहिल्या तीन वर्षांत असावा. पन्नास रुपयांचे तिकीट, शाळकरी मुलांना मोफत प्रवेश, गावातल्या व्यापाऱ्यांच्या लहान लहान जाहिराती. सरकार आणि महापालिकेकडे एकच मागणी असावी: नवे सभागृह बांधू नका, मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारखी जी सार्वजनिक सभागृहे आहेत त्यांतले हिवाळ्यातले सात शनिवार खेळासाठी राखून ठेवा आणि भाडे नाममात्र घ्या. इथे एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सभागृहात आमच्या जुन्या खेळाडूंचा सामना ठरला होता, आणि दोन दिवस आधी तिथे कुठलासा समारंभ आला म्हणून आम्हाला बाहेरच्या सिमेंटच्या मैदानावर जायला सांगितले गेले. आमचे काही बिघडले नाही, आम्ही हौशी माणसे. पण ज्या जागेची तारीख शेवटच्या क्षणी कुणीही हिरावून घेऊ शकतो, तिथे हंगाम रुजत नाही, कारण हंगामाचा पाया वेळापत्रक हाच आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप नोकरीचा आहे, आणि तो खेळाडूंच्या आयांकडून येतो, म्हणून तो मी आदराने ऐकतो. आपल्याकडचा चांगला बास्केटबॉलपटू आज रेल्वेत, बँकेत, ओएनजीसीसारख्या सार्वजनिक कंपनीत किंवा सेनादलांत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळवतो आणि त्या संघाकडून खेळतो. ही नोकरी निवृत्तीपर्यंत टिकते. दोन वर्षांत बंद पडू शकणाऱ्या लीगसाठी ती सोडा, असे सांगणे पाप ठरेल. म्हणून सामने शनिवारी ठेवावेत आणि नोकरी सोडण्याची अट कुणावरही नसावी. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींची विभागीय कार्यालये आहेत, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय आहे. या संस्थांनी आपल्या खेळाडूंना शनिवारची मोकळीक दिली, तरी संघाचा कणा उभा राहतो. पूर्ण वेळ व्यावसायिक होण्याचा विचार दहा हंगामांनंतर करता येईल. व्यावसायिकपणा पगारावरून ठरतो असे आपण समजतो, पण त्याची सुरुवात वेळापत्रक पाळण्यापासून होते.

आणखी एक बाब अमेरिकेकडून घेऊ नये. तिथली लीग बंदिस्त आहे. शेवटचा आलेला संघ खाली जात नाही, उलट पुढच्या वर्षीचा उत्तम तरुण खेळाडू निवडण्याची संधी त्याला आधी मिळण्याची शक्यता वाढते. मुद्दाम हरण्याचा मोह त्यातून निर्माण झाला, आणि २०१९ पासून तळच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची सारखीच, १४ टक्के, शक्यता देऊन तो आटोक्यात आणावा लागला. आपल्याकडे शेवटच्या संघाची जागा दुसऱ्या गावाने जिंकून घ्यावी. यवतमाळ, गोंदिया, वर्धा ही गावे दाराशी उभी राहावीत.

लोक येतील का? पहिली दोन वर्षे सभागृह अर्धेही भरणार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. खेळाडूंचे आईवडील, जुने खेळाडू, जवळच्या वसाहतीतली मुले, एवढीच माणसे असतील. शिवाजीनगर, धरमपेठ, धंतोली या भागांतल्या मैदानांवर संध्याकाळी दिवे लागले की कडेला जी दोन-चार डझन मंडळी उभी असतात, तीच आत येऊन बसतील. त्यांनी अमरावतीच्या संघातल्या एखाद्या गार्डला, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्या खेळाडूला, तीन वर्षे सलग पाहावे, त्याचा डावा हात कच्चा आहे हे त्यांना कळावे, चौथ्या वर्षी तो डाव्या हाताने गुण करून जावा आणि त्यांनी हळहळत का होईना त्याला दाद द्यावी. प्रेक्षक असा तयार होतो, आणि त्याला वेळ लागतो. जाहिरातीने गर्दी एका रात्रीत जमवता येते, अशी ओळख जमवता येत नाही.

सगळ्यांत शेवटी, आणि खरे तर सगळ्यांत आधी, मुलींचा हंगाम. तो मुलांच्या हंगामासोबत, त्याच शनिवारी, त्याच सभागृहात, तितक्याच मानधनावर सुरू व्हावा. ‘पुढे पाहू’ म्हणून बाजूला ठेवू नये. आपल्याजवळचा सर्वांत मोठा दाखला मुलींचाच आहे. भिलाईत, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, प्रशिक्षक राजेश पटेल यांनी कित्येक वर्षे खपून लहान लहान गावांतल्या मुली घडवल्या, आणि छत्तीसगडच्या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे दबदबा ठेवला. त्यांतल्या अनेकींना पुढे रेल्वेत नोकऱ्या मिळाल्या. पटेल २०१८ मध्ये गेले. हावडा-मुंबई मार्गावरचे ते गाव नागपूरहून गाडीने काही तासांवर आहे. माझ्या भाचीने भिलाईच्या मुलींचे नाव फक्त ऐकले आहे, त्यांच्याशी ती कधी खेळलेली नाही. एका ऑक्टोबरच्या शनिवारी सकाळी नागपूरच्या फलाटावर बारा मुली बॅगा घेऊन उभ्या राहाव्यात, संध्याकाळी भिलाईत बहुधा वीस गुणांनी हराव्यात आणि डिसेंबरात भिलाईच्या मुली इकडे येणार आहेत हे माहीत असल्यामुळे परतीच्या गाडीत त्याच सामन्याविषयी बोलत बसाव्यात, एवढे मला पाहायचे आहे.